माझ्या मुलीची सायकल मोडकी असल्याबाबत

लोहाऱ्यात कुणालाही अर्ज लिहून घ्यायचा असला की तो आधी माझ्याकडे येतो. मी इथल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे, अक्षर मोत्यासारखं आहे आणि 'वरील विषयास अनुसरून' या शब्दांनंतर काय यायला हवं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मीटर जळाल्याबाबत, बोअरला पाणी न लागल्याबाबत, सून नांदत नसल्याबाबत, असे हजारभर अर्ज माझ्या हातून गेले असतील. त्यातला एक अर्ज मी लिहायलाच नको होता. किंवा मग तो दोन तास आधी लिहायला हवा होता. यातलं नेमकं कोणतं खरं, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं.

माझी मुलगी शिवरंजनी, घरातली रंजू, हिला ट्रायथलॉनच्या निवड स्पर्धेला जायचं होतं. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानंच सायकल हाणायची आणि उतरलं की पळायचं. मध्ये कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. पहिल्या सहा मुलींना क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळणार होता. राहणं, खाणं, शिकवणारा, सगळं तिथलं. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिनं मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा सांगितलं नाही, कारण एकदा सांगितलेलं मला कळतं असा तिचा समज होता.

पोहणं ती आप्पांच्या विहिरीत शिकली होती. आप्पा म्हणजे हणमंतप्पा, माझे थोरले भाऊ. पळणं जेवळीच्या रस्त्यावर. राहिली सायकल. तिच्याकडे कॉलेजला जायची, पुढे जाळीची टोपली असलेली सायकल होती, आणि त्या टोपलीत भाजी छान बसायची.

सायकलीच्या आधी कागदपत्रं. त्यात 'मान्यताप्राप्त जलतरण तलावाचे, पोहता येत असल्याचे प्रमाणपत्र' हवं होतं. आमच्या भागात तलाव आहेत, पण ते पाझर तलाव. त्यांना शिक्का नसतो. मी तलाठी कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं आप्पांच्या शेताचा सातबारा काढला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, "विहीर हाय. विहिरीची नोंद हाय. पण विहिरीत पोरगी पवती, हे लिवायला रकाना न्हाय."

शेवटी आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विहिरीवर नेलं. रंजू आत, ते काठावर, आणि मी पंपाच्या पेटीवर कागद ठेवून 'समक्ष पाहिले' असा दाखला तयार करतोय, अशा अवस्थेत त्यांनी सही केली. सही होईपर्यंत रंजूला पाण्यातून वर येऊ दिलं नाही, नाहीतर दाखला खोटा ठरला असता. त्याच दिवशी पालकाचं संमतीपत्रही लिहिलं. दोन प्रतींत. इतकं सुंदर संमतीपत्र त्या संयोजकांनी जन्मात पाहिलं नसेल.

आता खरी गोष्ट. स्टँडजवळ रुद्रेशचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पंक्चर बघायची पाण्याची पाटी. त्याला मी सहज विचारलं, तर तो हातातली ट्यूब खाली ठेवून म्हणाला, "साहेब, एक सांगू का? इकत घेऊच नका. असल्या रेसच्या तिथंच भाड्यानं सायकली मिळतेत. एक दिवसाचं भाडं द्यायचं, पोरीला बसवायचं. वसतिगृहात गेली की सायकल तेच लोक देतेत."

सल्ला बरोबर होता. पण बरोबर सल्ला पाण्याच्या पाटीशेजारी बसून ऐकावा लागला की तो अंगाला लागत नाही. मी ताठ होऊन म्हणालो, "रुद्रेश, आमच्या घरात लग्नाचा कोटसुद्धा कुणी भाड्यानं आणला न्हाय."

हे खरं होतं. माझ्या लग्नात मी आप्पांचा कोट घातला होता. तो बगलेत उसवलेला होता, पण घरचा होता.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला म्हणून बेचाळीस हजार बाजूला ठेवले होते. शिवकन्या, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "गळू द्या गच्ची. बादल्या हायत्या की." तिच्या या एका वाक्यावर आम्ही सोलापूरला गेलो. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांना रेसची सायकल विकायची होती. त्यांनी ती दोनदा चालवली होती, त्यातलं एकदा फोटोसाठी. नवीन असती तर तिच्या किमतीत आमची अख्खी गच्चीच नवीन झाली असती. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि सायकलीच्या नळीवर वाजवून दाखवलं. "हे कार्बन आहे. लोखंड वाकतं, कार्बन वाकत नाही, एकदम तुटतं. म्हणून नाणं वाजवून बघायचं. आवाज खणखणीत तर ठीक. बद्द आला, तर ती सायकल संपली म्हणा. उतारावर माणूससुद्धा."

सगळीकडे खणखणीत वाजलं. म्हणजे त्यांनी वाजवलं तिथं तरी. रंजूनं सायकल दोन बोटांवर उचलली आणि माझ्याकडं बघितलं. असं तिनं माझ्याकडं लहानपणी बघितलं असेल. मोठ्या झालेल्या मुली बापाकडं असं बघत नाहीत. मला भरून आलं, हे लपवण्यासाठी मी डॉक्टरांना पावती मागितली.

सायकल आप्पांच्या पिकअपमधून आली. पिकअप सोलापूरला कांदा टाकून रिकामा परतत होता, तेव्हा कांद्याच्या पाल्यात मी मांडी घालून बसलो आणि सायकल मांडीवर घेतली. घरापुढं उतरलो तर शेजारचे आण्णासाहेब हजर. ते निवृत्त कंडक्टर, त्यामुळं प्रत्येक उतरणाऱ्याची चौकशी हा त्यांचा हक्कच.

"स्टँड कुठाय?"

"हिला स्टँड नसतो."

"कॅरेज? मडगार्ड? घंटी?"

"न्हाय."

"पायडल तरी?"

पायडल रेसच्या सायकलीला वेगळे घ्यावे लागतात, ते माझ्या पिशवीत होते. तेवढ्यात आण्णासाहेबांनी सायकलीला दोन फेऱ्या मारल्या होत्या. "मग तुमी घेतलं काय नेमकं? एवढ्यात सेकंडहँड मोटरसायकल येती, साहेब. पेट्रोल भरून." गल्लीतल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "ही तंत्रज्ञानाची सायकल आहे," आणि आत गेलो. आत जाऊन मला कळलं की या वाक्याला काही अर्थ नाही.

पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. आप्पा धोतर-टोपी घालून शेतावरून आले. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो, तेव्हापासून माझी फी, माझी नोकरी, माझं लग्न, सगळं आप्पांनी निभावलं. त्यांनी आजवर तीन ट्रॅक्टर, हा पिकअप आणि एक मळणीयंत्र पुजलंय, आणि दर वेळी नारळ यंत्राच्या तोंडावरच्या लोखंडावर फोडलाय. दगडावर नारळ फोडणं ही त्यांच्या मते देवळाची पद्धत. वाहनाचा नारळ वाहनावरच फुटला पाहिजे, म्हणजे त्याच्या कपाळी जे फुटणं-तुटणं असेल ते तिथंच उरकतं.

रंजू फोटोसाठी कपडे बदलायला आत गेली होती. शिवकन्येनं हळदकुंकू वाहिलं. लिंबू चाकाखाली ठेवलं, तर चाक इतकं बारीक की ते लिंबावरून घसरून बाजूला झालं. "असू दे," आप्पा म्हणाले. मग नारळ हातात घेऊन ते सायकलीवर लोखंड शोधू लागले. कुठं सापडेना. शेवटी त्यांना पुढची जाड तिरपी नळी दिसली.

मला कळलं ते काय करणार आहेत. हात धरायला पुरेल इतका वेळ होता, हे मी कबूल करतो. पण आप्पांचा वर गेलेला हात मी आयुष्यात कधी धरलेला नाही. लहानपणी तो माझ्यावर उगारलेला असायचा तेव्हासुद्धा नाही.

ठप्प.

नारळ फुटला नाही. आप्पांनी तो फिरवून बघितला, मग सायकलीकडं बघितलं आणि अभिमानानं म्हणाले, "लई कडक हाय रे!" दुसरा घाव उंबऱ्याच्या दगडावर घातला, तिथं फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंजू बाहेर आली, फोटो झाले. खोबरं वाटता वाटता मी नळीपाशी वाकलो. जोडाच्या वर अंगठ्याएवढी, केसासारखी रेघ होती.

सगळे गेल्यावर मी रुपया काढला. खण, खण, खण, बद्द. पुन्हा वाजवलं. खण, खण, बद्द.

इथं मी रंजूला हाक मारायला हवी होती. मी का मारली नाही याची कारणं मी नंतर पुष्कळदा मनात मांडून पाहिली. सांगितलं असतं तर आप्पांना कळलं असतं, आणि तो माणूस महिनाभर जेवला नसता. रुद्रेश 'मी म्हणलं होतं' असं तोंडानं म्हणाला नसता, नुसती पाण्यात ट्यूब बुडवत राहिला असता. आण्णासाहेबांनी गल्लीभर बातमी केली असती. आणि रंजूनं पुन्हा तसं कधीच बघितलं नसतं. अर्जात कारणं लिहिताना सर्वांत महत्त्वाचं कारण शेवटी लिहावं, असं मी लोकांना सांगतो.

मी स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडं गेलो आणि रेघ झाकेल एवढ्या लांबीचं स्टिकर मागितलं. त्याच्याकडं त्या मापाचं एकच होतं. 'आई-वडिलांची कृपा'.

"पप्पा, हे काय लावलंय?" रंजू म्हणाली.

"आशीर्वाद हाय, राहू दे."

तिनं स्टिकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं. तुमी लावलंय तर असू द्या." एवढ्या फॅशनेबल सायकलीवर ट्रकचं स्टिकर तिनं माझ्यासाठी सहन केलं.

पुढचे बारा दिवस ती रोज सकाळी जेवळीच्या रस्त्यावर सराव करायची आणि मी स्कूटर घेऊन तिच्या मागं. सायकल मोडलीच तर मी काय करणार होतो, ते मला माहीत नव्हतं. बाजारला निघालेल्या बाया हसायच्या. चौथ्या दिवशी रंजू थांबली. "पप्पा, मागं गाडी लावू नका ना. पोरी काय म्हणतेत, म्हाईत हाय का? पप्पाला पोरगी पळून जायची भीती हाय म्हणून." मी म्हणालो, स्कूटरची बॅटरी चार्ज करायलोय. त्यानंतरही मी गेलोच, फक्त अर्धा किलोमीटर अंतर ठेवून.

सायकल मोडली नाही. मला वाटू लागलं, कृपा खरंच आहे की काय.

स्पर्धा पश्चिमेकडं एका धरणाच्या काठी होती. आप्पांचा पिकअप घेऊन रंजू आणि मी पहाटे पोचलो. पिकअप लावला त्याच्या शेजारीच भाड्याच्या सायकलींचा मांडव. चाळीसेक सायकली, सगळ्या घासूनपुसून, प्रत्येकीला पायडल. एक मुलगी आणि तिची आई माप घेत होत्या. मी रंजूला म्हणालो, "बघ, लोक दुसऱ्याच्या सायकलीवर रेस करायला येतात." रंजू हसली. तो तिचा त्या दिवशीचा शेवटचा हसरा चेहरा.

तपासणीच्या माणसानं ब्रेक दाबून बघितले, हेल्मेट बघितलं, स्टिकर वाचून मान हलवली आणि सायकल पास केली. रंजू पाण्याकडं गेली. मग लाउडस्पीकरवर एक बाई सूचना देऊ लागल्या. पोहल्यानंतर सायकलमार्ग घाटातून आहे. उतार तीव्र आहे. वळणं जपून घ्यावीत. कठड्याच्या पलीकडे दरी आहे.

दरी आहे हे माहितीपत्रकात कुठंच नव्हतं.

शिट्टी वाजली. पोरी पाण्यात पडल्या. मी सायकलींच्या रांगेशी आलो. पहाटेच्या दवानं स्टिकरचं टोक सुटलं होतं, 'कृपा' मधला 'पा' वर उचलला गेला होता. त्याखाली ती रेघ. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवलं. उतारावर माणूससुद्धा. मी धावत संयोजकांच्या टेबलाशी गेलो.

"माझ्या मुलीची सायकल मोडकी आहे. तिला जाऊ देऊ नका."

"तपासणी झाली आहे ना? तुम्ही कोण?"

"वडील."

"मग संमती मागे घेतल्याचं लेखी द्या. तोंडी चालत नाही."

मी खिशातून पेन काढलं. समोर पाण्यात टोप्यांचे लाल ठिपके परत वळत होते. मी लिहिलं : 'विषय : माझ्या मुलीची सायकल मोडकी असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' घाईतही अक्षर बिघडलं नाही. समास सोडला. दिनांक घातला. माझ्यासारखा मूर्ख मी पाहिला नाही. पोरगी जीव तोडून पोहत होती आणि मी समास सोडत होतो.

त्यांनी अर्ज घेतला, सायकल रांगेतून काढली, टेबलाशी टेकवली. तेवढ्यात रंजू पाण्यातून आली. तिसरी. पन्नास-साठ मुलींत तिसरी, विहिरीत शिकलेली माझी रंजू. अनवाणी धावत ती आपल्या जागेवर आली, हेल्मेट उचललं आणि रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. दुसऱ्या मुली सायकली काढून निघाल्या. एका माणसानं तिला बाजूला घेतलं आणि कागद दाखवला. तिनं तो पुरता वाचला नसावा. अक्षर ओळखून तिनं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

मी तिला सगळं सांगितलं. नारळ, रेघ, नाणं, स्टिकर. ती ऐकत होती, केसांतून पाणी गळत होतं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "सकाळी का न्हाय सांगितलं? तिथं भाड्याच्या सायकली होत्या." आता घेता येणार नव्हती. सुरुवातीआधी तपासलेलीच सायकल चालते, असा नियम होता. मी तो विचारून आलो होतो.

लोहाऱ्यापर्यंत ती हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. घरी मात्र शिवकन्येला तिनंच सांगितलं, "सायकल फुटली होती. पप्पांनी वेळेवर बघितलं म्हणून वाचले." नारळाचं नाव तिनं काढलं नाही. तिनं एवढं केलं आणि आपल्या खोलीत गेली.

पण मग जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही. आण्णासाहेबांनी गल्लीत उभं राहून सांगितलं की बाप असावा तर असा. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "म्या वाहनावरच नारळ फोडला हुता, म्हणून इघ्न टळलं." शाळेत माझा 'दक्ष पालक' म्हणून सत्कार झाला. शाल आणि नारळ. तो नारळ अजून कपाटावर आहे, फोडायची माझी हिंमत होत नाही.

महिन्यानं रुद्रेश आपल्या कामाला सोलापूरला निघाला होता. "साहेब, तिथं कार्बन दुरुस्त करणारा एक जण हाय. दाखवून आणतो की." सायकल घेऊन गेला, दोन दिवसांनी घेऊन आला. दुकानात आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "साहेब, कायबी झालं न्हाय हिला. नुसता रंग तडकलाय. त्यानं भिंग लावून बघितलं. जोडाजवळ कार्बन जाडच असतंय, तिथं आवाज बद्दच येतो म्हणे. नव्या सायकलीचाबी."

मी विचारलं, "घाट उतरली असती?"

"धा येळा," रुद्रेश म्हणाला. पाटीतल्या पाण्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

ही गोष्ट मी अकरा दिवस पोटात ठेवली. सायकल पडवीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगून ठेवली. येता-जाता नाणं वाजवायचो. खण, खण, बद्द.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. रंजू गहू निवडत होती. ती आता माझ्याशी बोलायची. दळण, गॅसचा नंबर, आईचं डोकं दुखतंय, असं. मान खाली ठेवूनच तिनं विचारलं, "पप्पा, सायकल दाखवून आणली ना रुद्रेशनं? फुटलेलीच हाय ना?"

'ना' म्हणताना तिचा आवाज जरा हलला. मला कळलं, तिला 'होय' हवं होतं. गेले दीड महिने ती त्या एका 'होय'वर उभी होती. बापानं जीव वाचवला, वसतिगृह गेलं तर गेलं. मी 'होय' म्हटलं असतं तर गल्लीत माझी मान ताठ राहिली असती, आणि तिचीही समजूत. सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "नुसता रंग गेलाय. सायकल चांगली हाय. त्या दिवशीबी चांगलीच होती."

सुपातला हात थांबला.

"कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

तिनं सूप खाली ठेवलं. उठून भिंतीशी गेली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल, आणि ते बोलायलाच हवं होतं. तिनं सायकल खिळ्यांवरून काढली. कोपऱ्यातला पंप घेतला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. बराच वेळ भरत होती, दर दट्ट्याला तिचा खांदा हलत होता. मग आतून हेल्मेट आणलं. माझा हात आपोआप खुंटीवरच्या किल्लीकडं गेला होता.

उंबऱ्याच्या बाहेर सायकल काढून ती थांबली. मागं वळली नाही.

"स्कूटर काढू नका," ती म्हणाली आणि जेवळीच्या रस्त्याला लागली.

मी किल्ली खुंटीला परत लावली आणि सूप पुढं ओढून उरलेले गहू निवडत बसलो.